एकमेकांवर चढणारे पत्र्याचे फेस एकत्र फ्लॅट कसे करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २ मिमी पत्र्याचा ट्रे, तळ वरून पाहिला तर ‘एल’ आकाराचा, भिंती ४० मिमी उंच. भिंती कोपऱ्यात जोडायला आतल्या बाजूला वळवलेल्या पट्ट्या. तळाच्या एका भागावर मजबुतीसाठी दुसरा पत्रा, त्यालाही एक उभी कड. कॅड सॉफ्टवेअरमध्ये सगळे फेस (पत्र्याचे सपाट भाग) सिलेक्ट करून फ्लॅट करायला, म्हणजे घड्या उलगडून सपाट करायला गेलं की कधी एरर येते, कधी फ्लॅट येतो पण त्यात दोन फेस एकमेकांवर चढलेले दिसतात. हे सगळे एकत्र फ्लॅट करणारी कमांड कोणती?

अशी कमांड नाही, आणि नाही तेच बरं. फ्लॅट पॅटर्न म्हणजे लेझरखाली जाणारा खरा पत्रा. पत्र्याचा एकच तुकडा दोन भिंतींच्या वाट्याला देता येत नाही. पण तुमच्या ट्रेमध्ये ‘ओव्हरलॅप’ या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. कोणती कुठे आहे ते ओळखलं की काम अर्ध्या तासाचं आहे.

आधी सॉफ्टवेअर आत काय करतं ते बघा. तुम्ही कितीही फेस सिलेक्ट करा, ते एकच फेस पक्का धरतं. त्याला लागून असलेला बेंड (घडी) उघडतं, पलीकडचा फेस त्याच पातळीत आणतं, मग पुढचा बेंड, असं शेवटपर्यंत. म्हणजे फेस आणि बेंड मिळून एक झाड होतं. झाडात गोल फिरून परत त्याच फेसवर येता आलं, तर उलगडणं थांबतं. चौकोनी पाइपला चार भिंती आणि चार कोपरे असतात. चारही कोपऱ्यांना बेंड दिले तर फ्लॅट निघणार नाही, एक कोपरा फाडावाच लागेल. साध्या चौकोनी ट्रेला पाच फेस आणि आठ कडा, त्यात चार बेंड आणि चार रिप (फाडलेल्या कडा). तुमच्या एल ट्रेला तळ धरून सात फेस आणि बारा कडा: सहा बेंड, सहा रिप. पहिल्यांदा हेच मोजा. कोपऱ्यातल्या पट्ट्यांचे सोडून बेंड सहापेक्षा जास्त भरले, तर कुठेतरी दोन भिंती एकमेकींना चिकटून एक झाल्या आहेत आणि एरर तिथूनच येते आहे.

ही झाली पहिली अडचण. फ्लॅटमध्ये सगळं नीट बसतं, पण घडी घातलेल्या मॉडेलमध्ये दोन फेस एकमेकांना टेकतात किंवा एकमेकांत घुसतात. मधलं अंतर शून्य असलं की सॉलिड एकजीव होतं. मग सॉफ्टवेअरच्या लेखी तिथे २ मिमी पत्रा राहत नाही, ४ मिमीचा ठोकळा होतो. जाडी सगळीकडे सारखी नसलेला सॉलिड त्याला उलगडता येत नाही. बंद हेममध्ये (स्वतःवरच दुमडलेल्या कडेत) हे हमखास होतं, तसंच भिंतीला आतून टेकणाऱ्या पट्टीतही. उपाय साधा आहे, फट ठेवा. मी ०.२ मिमी ठेवतो. प्रत्यक्षात पट्टी भिंतीला टेकणारच आहे आणि ड्रॉइंगवर कुणालाही ती फट दिसत नाही, पण मॉडेलला तेवढा श्वास लागतो. सॉलिडवर्क्समध्ये कोपऱ्यासाठी क्लोज्ड कॉर्नर घ्या. त्यात बट, ओव्हरलॅप आणि अंडरलॅप असे तीन प्रकार येतात आणि गॅप तिथेच भरता येतो. इन्व्हेंटरमध्ये हेच काम कॉर्नर सीम करतं. फ्रीकॅडमध्ये शीटमेटल वर्कबेंचचा अनफोल्ड चालत नसेल, तर मी सगळ्यात आधी टेकलेले फेस शोधतो. दहातल्या आठ वेळा कारण तेच निघतं.

आता दुसरी अडचण, म्हणजे खरा ओव्हरलॅप. इथे मॉडेल निर्दोष असतं, फट असते, बेंड बरोबर असतात, आणि तरीही सपाट केल्यावर दोन भाग एकाच जागेवर हक्क सांगतात. तुमच्या ट्रेमध्ये तो एलच्या आतल्या कोपऱ्यात आहे. तळाला जिथे खाच आहे, तिथे दोन भिंती काटकोनात भेटतात. बाहेरच्या कोपऱ्यावर भिंती उघडल्या की त्या एकमेकींपासून लांब जातात, मध्ये रिकामा चौकोन उरतो. आतल्या कोपऱ्यावर उलटं होतं, दोन्ही भिंती खाचेतच पडतात.

आकडे घालून बघू. पत्रा २ मिमी, आतली त्रिज्या २ मिमी, के-फॅक्टर (वाकताना न ताणला जाणारा थर आतून जाडीच्या कितव्या भागात आहे तो आकडा) ०.४४ धरू. ९० अंशाच्या बेंडमध्ये वाकणाऱ्या पत्र्याची लांबी म्हणजे बेंड अलाउन्स, १.५७०८ गुणिले (२ + ०.४४ × २), म्हणजे ४.५२ मिमी. बाहेरून मोजलेल्या दोन बाजूंच्या बेरजेतून वजा करायचं बेंड डिडक्शन ८ (त्रिज्या आणि जाडीच्या बेरजेची दुप्पट) वजा ४.५२, म्हणजे ३.४८ मिमी. तेव्हा बाहेरून ४० मिमी उंच भिंत फ्लॅटमध्ये तळाच्या कडेपासून ३६.५२ मिमी बाहेर येते. खाचेच्या कोपऱ्याजवळ दोन्ही भिंती असं करतात आणि ३६.५२ गुणिले ३६.५२ चा चौकोन दोघींच्या नावावर लागतो. सुमारे १,३३४ चौरस मिमी पत्रा, जो मॉडेलमध्ये दोनदा आहे आणि प्लेटवर एकदाच.

काही सॉफ्टवेअर इथे सरळ एरर देतात. त्याचा राग येतो, पण खरा धोका एरर न येण्याचा आहे. काही वेळा फ्लॅट निघतो, बाहेरची रेघ छान जोडलेली दिसते आणि तो चौकोन गुपचूप एकात गिळला जातो. मी नवीन असताना असाच एक फ्लॅट कटिंगला पाठवला होता. कापून आलेला तुकडा बघून सगळं ठीक वाटलं. प्रेस ब्रेकवरच्या (पत्रा वाकवायच्या मशीनवरच्या) माणसाने तो दोन मिनिटं फिरवून बघितला, काही बोलला नाही, वहीचं पान फाडून त्याच आकाराचं कापलं आणि माझ्या हातात दिलं: घाल घडी. घडी पडेना. आतल्या कोपऱ्यात दोन्ही भिंती एकाच कागदाने जोडलेल्या होत्या. तेव्हापासून शंका आली की मीही कागद कापतो. कीबोर्डपेक्षा कात्री लवकर उत्तर देते.

कागद नको असेल तर क्षेत्रफळ मोजा. घडीच्या मॉडेलमध्ये एकाच बाजूच्या सगळ्या सपाट फेसचं क्षेत्रफळ घ्या, त्यात प्रत्येक बेंडची अलाउन्स गुणिले लांबी मिळवा. ही बेरीज फ्लॅटच्या वरच्या फेसच्या क्षेत्रफळाएवढी यायला हवी. रिलीफच्या (पत्रा फाटू नये म्हणून बेंडच्या टोकाशी दिलेल्या खाचेच्या) कापण्यामुळे थोडाफार फरक पडेल. तो फरक १,३०० चौरस मिमीच्या घरात असेल, तर कुठला कोपरा गिळला गेलाय ते कळलंच.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही डिझाइनचे आहेत. बटण दाबून होणारे नाहीत. पहिला, दोन्ही भिंती ४५ अंशात तिरप्या कापायच्या. फ्लॅट लगेच निघतो, पण घडी घातल्यावर आतल्या कोपऱ्यात वरून खालपर्यंत व्ही आकाराची उघडी जागा राहते, वरच्या कडेला दोन्ही भिंतींवर मिळून जवळपास ७३ मिमी. हे ज्याला चालेल त्याने करावं. मला तरी आठवत नाही की कधी चाललं.

दुसरा उपाय मला आवडतो. दोन भिंतींपैकी एक तळापासून सोडवायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाच्या शेजारणीला जोडायची. म्हणजे खाचेतली छोटी भिंत घ्या. तिचा तळाशी असलेला बेंड काढून तिथे रिप द्या, आणि तिच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, जिथे आत्ता रिप आहे, तिथे बेंड द्या. एक बेंड गेला, एक आला. सहाचे सहाच राहिले. आता ती भिंत खाचेत न पडता शेजारच्या भिंतीच्या टोकाला शेपटासारखी बाहेर उघडते आणि चौकोन मोकळा होतो. त्याच खाचेतल्या दुसऱ्या भिंतीच्या टोकाला मात्र ती जोडू नका, मोह होतो म्हणून सांगतो. तसं केलंत तर ती उघडून थेट तळावर येऊन पडेल, म्हणजे एक ओव्हरलॅप मिटवून दुसरा केल्यासारखं.

यात एक मेख आहे. शेपूट आधी वाकवावं लागतं, मग ती भिंत तळापासून उभी करताना ते शेपूट पंचाच्या (वरून दाबणाऱ्या हत्याराच्या) टोकाशेजारी उभं असतं. पंचाचा तुकडा भिंतीच्या लांबीपेक्षा किंचित आखूड लागेल, आणि शेपटाची लांबी पंच आणि त्याचा होल्डर मिळून होणाऱ्या उंचीपेक्षा जास्त असेल, तर ते वरच्या रॅमला आपटेल. खाचेतली भिंत ५०-६० मिमीची असेल तर बिनधास्त करा. ३०० मिमीची असेल तर बेंडिंगवाल्याला आधी विचारा.

तिसरा उपाय म्हणजे ती भिंत वेगळा तुकडा करणं, खाली १५ मिमीची एक फ्लँज (वळवलेली कड) देणं आणि तळाला स्पॉट वेल्ड किंवा रिव्हेटने जोडणं. एक पार्ट नंबर वाढतो, जोडणी वाढते, पण फ्लॅट दोन्ही स्वच्छ निघतात. लांब भिंतीसाठी मी हेच करतो.

तुमच्या कोपऱ्यातल्या पट्ट्यांचं प्रकरणही याच जातीचं आहे. बाहेरच्या कोपऱ्यावर दोन भिंतींच्या मध्ये फ्लॅटमध्ये एकच रिकामा चौकोन असतो. तुम्ही दोन्ही भिंतींना पट्टी दिली आहे, आणि दोन्ही पट्ट्या त्याच चौकोनात उघडतात. घडीतही त्या आत एकमेकींना धडकतात, म्हणजे इथे पहिली आणि दुसरी अडचण हातात हात घालून आहे. एका कोपऱ्याला एकच पट्टी द्या. समोरासमोरच्या दोन भिंतींना दोन्ही टोकांना पट्ट्या आणि उरलेल्या भिंतींना काहीच नाही, असं ठेवलं की बेंडिंगचा क्रमही सुटसुटीत होतो. पट्टीची एक कड शेजारच्या भिंतीच्या बेंडला घासून जाते, तिथे रिलीफ विसरू नका, नाही तर पत्रा कोपऱ्यात फाटतो.

जाता जाता एक गंमत. घनाकृती कडांवर कापून सपाट करायची ही कल्पना बरीच जुनी आहे; जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्युररने १५२५ मध्ये छापलेल्या भूमितीच्या पुस्तकात अशा उलगडलेल्या आकृत्या काढून दाखवल्या आहेत. साधा घन असा ११ प्रकारे उलगडता येतो. पण कुठेही आत न दबलेली प्रत्येक बहुफलकी आकृती ओव्हरलॅप न होता कडांवर उलगडता येतेच का, हा जेफ्री शेफर्ड यांनी १९७५ मध्ये विचारलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. आणि तुमच्या ट्रेसारख्या आत खाच असलेल्या आकृत्यांमध्ये तर काही अशा आहेत की त्या तशा उलगडतच नाहीत, हे सिद्ध झालं आहे. तेव्हा सॉफ्टवेअरने हात वर केले तर दर वेळी त्याला शिव्या देऊ नका.

तिसरी अडचण म्हणजे तळावरचा दुसरा पत्रा. हा मुळात ओव्हरलॅप नाहीच, हे दोन थर आहेत. दोन थर म्हणजे दोन पत्रे, दोन फ्लॅट. तो मुख्य ट्रेच्या सॉलिडमध्ये मर्ज होऊ देऊ नका. फीचर करताना मर्ज रिझल्टची खूण काढून वेगळी बॉडी (स्वतंत्र सॉलिड) ठेवा. सॉलिडवर्क्समध्ये एकाच पार्टमधल्या प्रत्येक शीट मेटल बॉडीला स्वतःचा फ्लॅट पॅटर्न आणि कट लिस्टमध्ये स्वतःची ओळ मिळते. इन्व्हेंटरमध्ये मेक कंपोनंट्सने बॉडीचे वेगळे पार्ट करून एकेक फ्लॅट काढण्याचा रस्ता सरळ आहे. ऑनशेपमध्ये एका शीट मेटल मॉडेलमधले सगळे तुकडे फ्लॅट व्ह्यूमध्ये शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. तुम्हाला ‘एकत्र’ म्हणून जे हवं होतं, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट ही आहे, पण तिथेही ते शेजारी शेजारी असतात, एकमेकांवर नसतात.

थरांच्या बाबतीत लोक दोन ठिकाणी हमखास अडकतात. एक म्हणजे त्रिज्या. आतला पत्रा ऑफसेट करून बाहेरचा काढला की सॉफ्टवेअर बेंड एककेंद्री ठेवतं. आतल्याची आतली त्रिज्या २, पत्रा २, म्हणजे बाहेरच्याची आतली त्रिज्या ४. मॉडेलमध्ये दोन्ही थर छान चिकटून बसतात. पण त्या एका बेंडची अलाउन्स ४.५२ वरून ७.६७ होते. कारखान्यात दोन्ही पत्रे बहुधा एकाच डायवर (खालच्या साच्यावर) वाकतात, त्यामुळे बाहेरच्यालाही आतल्याएवढीच त्रिज्या मिळते आणि मापं चुकतात. बाहेरच्या थराचीही त्रिज्या २ च करा. कोपऱ्यात किंचित पोकळी राहील, कुठेही अडणार नाही, आणि फ्लॅट खरा निघेल.

दुसरं म्हणजे थरांतून आरपार जाणारी भोकं. ती कधीही फ्लॅटवर मोजून देऊ नका. घडीच्या अवस्थेत, दोन्ही बॉडी जागेवर असताना एकाच कटने पाडा. मग प्रत्येक फ्लॅटमध्ये ती आपापल्या ठिकाणी जातील. तरीही दोन भोकांच्या मध्ये जितके बेंड, तितकी चूक साचते. ४ मिमी रिव्हेट असेल, तर एका थरात ४.१ मिमीचं भोक आणि दुसऱ्या थरात बेंडला आडवा जाणारा लांबट स्लॉट ठेवतो. भोक बेंडपासून दूर ठेवायचा ढोबळ नियम पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट अधिक त्रिज्या, तुमच्याकडे किमान ६ मिमी. त्याहून जवळ गेलं की भोक बेंडकडे ओढलं जाऊन अंडाकृती होतं.

चूक किती साचते, याचाही अंदाज देतो. एअर बेंडिंगमध्ये (पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवताना) आतली त्रिज्या पंचापेक्षा खालच्या व्ही डायवर जास्त ठरते. माइल्ड स्टीलसाठी व्हीच्या रुंदीच्या साधारण १६ टक्के. २ मिमी पत्र्याला जाडीच्या आठपट, म्हणजे १६ मिमीचा व्ही घेतला तर त्रिज्या २.५ च्या आसपास येते. तुम्ही मॉडेलमध्ये २ धरली आहे. डिडक्शन ३.४८ ऐवजी ३.६९ होतं, दर बेंडला ०.२ मिमीचा फरक. एका रांगेत चार बेंड असले की ०.८ मिमी, आणि ४.१ चं भोक ४ च्या रिव्हेटला माफ करणार नाही. म्हणून आधी बेंडिंगवाल्याकडून व्ही विचारून घ्या, शक्य असेल तर त्याच पत्र्याची १०० मिमीची पट्टी वाकवून मोजा आणि तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरा. के-फॅक्टरचा डीफॉल्ट हा कुणीतरी कुठेतरी धरलेला अंदाज आहे, तुमच्या मशीनचा नाही.

दोन कमांड्सच्या नावांनी फसायला होतं म्हणून सांगतो. सॉलिडवर्क्सच्या फ्लॅट पॅटर्नमध्ये ‘मर्ज फेसेस’ अशी खूण आहे. ती ओव्हरलॅप सोडवत नाही. सपाट झाल्यावर एकाच पातळीत आलेले फेस जोडून मधल्या रेषा घालवते, इतकंच. डीएक्सएफ (कटिंगला द्यायची ड्रॉइंगची फाइल) स्वच्छ येण्यासाठी ती चालू ठेवा. दुसरी ‘सरफेस फ्लॅटन’. दोन दिशांनी वळलेल्या पृष्ठभागाचा ती अंदाजे सपाट आकार देते आणि ताण कुठे येतो ते दाखवते. प्रेसमध्ये ओढायच्या वस्तूच्या पहिल्या अंदाजाला ठीक आहे, प्रेस ब्रेकवर वाकवायच्या ट्रेला तिचा काही उपयोग नाही.

तुमचा ट्रे माझ्या हातात असता, तर मी मुख्य बॉडी आणि वरचा पत्रा वेगळे केले असते, कोपऱ्यांतली एकेक पट्टी उडवली असती, उरलेल्यांना ०.२ फट दिली असती आणि खाचेतली छोटी भिंत शेजारणीला जोडली असती. मग तळ पक्का धरून फ्लॅट, क्षेत्रफळाची बेरीज, आणि दोन्ही डीएक्सएफ एका ड्रॉइंगमध्ये शेजारी ठेवून ऑटोकॅडची ओव्हरकिल कमांड. एकावर एक पडलेल्या रेषा तिथे गळतात. त्या राहिल्या तर लेझर एकाच रेघेवरून दोनदा जातो आणि कड जळते. बेंडच्या रेषा वेगळ्या लेअरवर टाका, नाही तर एखादा उत्साही ऑपरेटर त्याही कापून देईल.